डाय कोणाची?

मावशीच्या ओटीवर तीन कागद पसरलेले होते. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक कच्चं केळं ठेवलं होतं. पहिल्या कागदावर आकडा होता ७५,००० रुपये. दुसऱ्यावर ४,१०,००० अधिक जीएसटी. तिसरा कागद जाड, गुळगुळीत, लग्नपत्रिकेसारखा. त्यावर १४ लाख आणि खाली बारीक अक्षरात ‘मेंटेनन्स वेगळा’. तिन्ही कोटेशनं एकाच कामाची. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमधली भाजी, केळी आणि फुलं बोरिवली-कांदिवलीच्या सोसायट्यांत घरपोच देण्यासाठी एक मोबाईल ॲप.

‘‘घर रंगवायला तीन रंगारी बोलावले तर आकड्यांत दोन-पाच हजारांचा फरक पडतो,’’ मावशी म्हणाली. ‘‘हे लोक रंगवणार आहेत तरी काय?’’

ही गोष्ट २०२१च्या दिवाळीतली. आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत बाजार बंद झाले आणि वाघोली, गास, भुईगाव, निर्मळ या बाजूच्या बऱ्याच वाडीवाल्यांनी टेम्पो भरून थेट सोसायट्यांच्या फाटकांशी नेले. माझा मावसभाऊ त्यांतलाच. त्याच्याकडे फोनवरून रोज तीस-चाळीस ऑर्डरी येऊ लागल्या, वहीत मावेनात, आणि कोणीतरी त्याला सांगितलं की आता तुला ॲप पाहिजे. त्याने मला बोलावलं, कारण मी वर्तमानपत्रांत लिहितो म्हणजे मला कॉम्प्युटरमधलं कळत असणार, असा आमच्या घराण्यात समज आहे.

मला काही कळत नव्हतं. गेल्या चार वर्षांत जे कळलं, त्यातलं बरंचसं पैसे गेल्यानंतर.

पहिलं कळलं ते हे, की ‘एक ॲप’ असं काही नसतंच. गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसतं ते एक. पोचवणाऱ्या पोराच्या फोनवर, कुठल्या विंगमध्ये काय द्यायचं ते दाखवणारं दुसरं. मालकाला भाव बदलता यावेत, ऑर्डरी बघता याव्यात म्हणून तिसरं. त्याला हे लोक ॲडमिन पॅनल म्हणतात. आणि या तिघांच्या मागे सर्व्हरवर चालणारा, कोणालाच न दिसणारा भाग, ज्यावर निम्मी मेहनत सहज जाते. ७५ हजारवाल्याने फक्त पहिलं मोजलं होतं, म्हणजे पिठाची गिरणी विकताना नुसता डबा दाखवावा तसं. १४ लाखवाल्याने अँड्रॉइड आणि आयफोन या दोहोंसाठी वेगवेगळं काम मोजलं होतं. खरं तर गूगलचं फ्लटर किंवा फेसबुकने काढलेलं रिॲक्ट नेटिव्ह वापरलं, तर एकदा लिहिलेला बराचसा कोड दोन्हीकडे चालतो. शिवाय भारतात दहातले नऊहून अधिक फोन अँड्रॉइडचे. भाजीवाल्याने पहिल्या दिवशी आयफोनच्या मागे लागावं का, हा प्रश्न त्या गुळगुळीत कागदाने विचारलाच नव्हता.

कोटेशनकडे बघायची एक सोपी रीत मला पुढे एका जाणत्याने दाखवली. समजा एजन्सीला एक माणूस पगार, जागा, कॉम्प्युटर सगळं धरून महिन्याला ६० हजारांना पडतो. तीन माणसं अडीच महिने बसली तर साडेचार लाख झाले, नफा अजून वेगळा. मग ७५ हजारांत काय येतं? एका माणसाचे पाच आठवडे. तेवढ्या वेळात कोणी भाजीचं दुकान नव्याने उभं करत नाही. आधीच केलेल्या कुठल्या तरी पिझ्झाच्या ॲपवर तुमचं नाव आणि पालेभाजीचं चित्र चिकटवून देतो. ते वाईटच असतं असं नाही. पण तसं सांगून द्यावं.

मावसभावाने मधला कागद उचलला. आपल्याकडे मधला भाव घेतला की फसलो नाही असं वाटतं.

त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७३,८०० रुपये. कारखानदाराला हा कर परत मिळतो, इनपुट क्रेडिट म्हणून. ताज्या भाजीवर मात्र जीएसटी नाही, त्यामुळे भाजीवाल्याला वळता करून घ्यायलाही काही नाही, सगळा खिशातून. एकूण ४,८३,८०० रुपये. हा हिशेब आम्ही तेव्हा केला नाही; आत्ता लिहिताना करतो आहे. एका ऑर्डरीमागे पेट्रोल आणि पोराची मजुरी जाऊन २५ रुपये सुटतात असं धरलं, तर नुसता हा आकडा भरून निघायला १९,३५२ ऑर्डरी लागतात. रोज ४० ऑर्डरी धरल्या तर ४८४ दिवस, एकही सुट्टी न घेता. सर्व्हरचं भाडं, एसएमएसचा खर्च आणि सडलेला माल यात नाही. केळ्याची लागवड करताना कंद, खत, पाणी आणि घड यांचा हिशेब बोटांवर करणारा माणूस फोनमधल्या लागवडीच्या वेळी हाच हिशेब विसरतो, हे मला अजून उलगडलेलं नाही.

काम सुरू झालं आणि अडलं ते जुडीवर.

एजन्सीने माल भरायला जो तक्ता दिला त्यात मोजमापासाठी दोनच पर्याय होते: किलो आणि नग. माठ जुडीने विकतात. जुडी पावसाळ्यात दांडगी असते आणि मे महिन्यात तीच करंगळीएवढी होते, भाव मात्र जुडीचाच. केळी डझनावर, पण राजेळी फणी बघून. अळूची पानं वडीची वेगळी, फदफद्याची वेगळी. मोगरा वजनावर, चाफा मोजून. दुधी किलोवर विकायचा तर किलोचाच दुधी वेलाला कोण लावणार? गिऱ्हाइकाने एक किलो मागितला, तराजूवर बाराशे ग्रॅम भरला, तर वरच्या दोनशे ग्रॅमचे पैसे कोणी द्यायचे? आणि आधीच ऑनलाइन भरले असतील तर मागायचे कसे? वाडीत या प्रश्नाचं उत्तर ‘राहू द्या हो, घ्या’ असं आहे. ते सॉफ्टवेअरमध्ये बसवायला एजन्सीने ४० हजार जादा मागितले.

मावसभाऊ खवळला. ‘‘भाजी विकतो हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना?’’ त्याचं म्हणणं बरोबर, पण एजन्सीचंही चूक नव्हतं. करारात ‘भाजीविक्रीचं ॲप’ एवढंच होतं, जुडी कुठेच नव्हती. ठरलेल्या रकमेच्या कामात जे लिहिलेलं नाही ते सगळं जादा कामात जातं. त्यांच्या भाषेत चेंज रिक्वेस्ट. घर बांधताना स्वयंपाकघरात ओटा धरलाच असेल असं आपण समजतो आणि कंत्राटदार म्हणतो, ओटा नकाशात नव्हता. म्हणून आता मी कोणालाही सांगतो की कोटेशन मागण्याआधी आपल्या धंद्याचा एक पूर्ण दिवस कागदावर उतरवून काढा. पहाटे माल तोडल्यापासून रात्री हिशेब मिटेपर्यंत कोण काय करतं, कुठे भांडण होतं, कुठे सूट दिली जाते. आठ-दहा पानं होतील. ती पानं देऊन कोटेशनं मागवली की ७५ हजार आणि १४ लाख आपोआप एकमेकांच्या जवळ येतात. काही चांगल्या एजन्सी एवढ्याच कामाचे थोडे पैसे आधी घेतात. ते द्यावेत. तेवढ्यात माणसं ऐकणारी आहेत की नुसती बोलणारी, तेही कळतं.

मध्येच एक गोष्ट सांगायलाच हवी. विरार लोकलमध्ये ज्याच्या फोनमध्ये एम-इंडिकेटर हे ॲप नाही असा माणूस शोधून काढावा लागेल. सचिन टेके या मराठी माणसाने २०१०च्या सुमारास ते केलं, बटणांच्या जावा फोनसाठी. त्यामागे भलंमोठं कंत्राट नव्हतं. गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, धीमी की जलद एवढंच सांगायचं, आणि तेही इंटरनेट नसताना. वसईच्या खाडीपुलावर रेंज गेली तरी ते चालायचं. रिक्षाचं भाडं, मेगाब्लॉक, नाटकांचे प्रयोग हे सगळं पुढे चढत गेलं. करणाऱ्याला गिऱ्हाईक माहीत होतं आणि पहिल्या आवृत्तीत काय घालायचं नाही हेही माहीत होतं. आमच्या भाजीच्या ॲपमध्ये पहिल्याच दिवशी ‘मित्राला सांगा आणि पॉइंट मिळवा’ होतं. पॉइंट आजवर कोणी मागितला नाही.

त्याच लोकलचं दुसरं ॲप यूटीएस. रेल्वेची स्वतःची संस्था ‘क्रिस’ हिने ते केलं. २०१५पासून पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर छापील कागदाशिवाय तिकीट मिळू लागलं. सुरुवातीला नियम असा, की स्टेशनाच्या आत उभं राहून तिकीट काढता येणार नाही आणि फार लांबूनही नाही. फोनच्या जीपीएसवर सगळं अवलंबून. फलाटाच्या कठड्यापलीकडे रिक्षांच्या गर्दीत फोन आकाशाकडे धरून उभी असलेली माणसं मी विरारला पाहिली आहेत. २०२२मध्ये बाहेरचं अंतर दोनवरून पाच किलोमीटर झालं, २०२४मध्ये ही बाहेरची मर्यादाच गेली, आणि १ जुलै २०२५ला रेलवन नावाचं नवं ॲप आलं. एवढ्या मोठ्या संस्थेलाही आपलं ॲप ‘झालं एकदाचं’ असं म्हणता आलेलं नाही. आम्ही मात्र एका सत्यनारायणाच्या पूजेने ते झालं असं समजलो.

त्यानंतरचे खर्च कोणी लपवले नव्हते. आम्ही विचारले नव्हते. गूगलच्या प्ले स्टोअरवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलला दर वर्षी ९९. भाजीसारख्या हाताला लागणाऱ्या मालावर ही स्टोअरं कमिशन घेत नाहीत. ते १५ किंवा ३० टक्के फोनमध्येच वापरायच्या डिजिटल वस्तूंवर असतं. ‘गूगल तीस टक्के खातो’ म्हणून घाबरवणारे भेटतात, त्यांना विचारावं की वांग्यावर का? ओटीपीचे एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाप्रमाणे डीएलटी नावाच्या नोंदवहीत आधी कंपनीची, मग पाठवणाऱ्या नावाची, मग मजकुराचीही नोंदणी. त्यात आमचे तीन आठवडे गेले. यूपीआयवर सरकारने व्यापाऱ्याला शुल्क ठेवलेलं नाही, पण पेमेंट गेटवेवाल्यांचे स्वतःचे आकार असू शकतात, आणि कार्डावर साधारण दोन टक्के जातात, वर त्या रकमेवर जीएसटी. नकाशा दाखवायचा तर ठरावीक वापरापुढे त्याचे पैसे. देखभालीला बांधणीच्या खर्चाच्या पंधरा ते वीस टक्के दर वर्षी, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. आमच्या बाबतीत साठ ते ऐंशी हजार. शिवाय गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर तुमच्याकडे साठतात. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ते नीट न सांभाळल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. भाजीवाल्याला कोणी २५० कोटी लावणार नाही हे उघड आहे, तरी आकडा ऐकून मावशीने ॲपमधला स्वतःचा नंबर काढून टाकायला सांगितलं.

दीड वर्ष बरं चाललं. मग २०२३च्या पावसाळ्यात एजन्सीचा फोन लागेनासा झाला. अंधेरीच्या पत्त्यावर गेलो तर तिथे दातांचा दवाखाना. भागीदारांत फाटलं होतं म्हणे. ॲप चालू होतं, म्हणून आम्ही गप्प बसलो.

२०२४च्या दिवाळीआधी नव्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी येऊ लागल्या: प्ले स्टोअरवर तुमचं ॲप सापडत नाही. जुन्यांना दिसतं, नव्यांना नाही. कारण नंतर समजलं. गूगल दर वर्षी सांगतं की ॲप अँड्रॉइडच्या अमुक आवृत्तीला जुळवून घ्या. ३१ ऑगस्टच्या आसपासची मुदत असते. फार मागे राहिलेलं ॲप नव्या फोनच्या नव्या गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. जुळवून घेणं दोन-चार दिवसांचं काम. पण ते करणार कोण, आणि कुठल्या खात्यातून? ॲप एजन्सीच्या प्ले खात्यावर चढवलेलं होतं. गूगलमध्ये एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर ॲप हलवता येतं, पण मूळ खातेदाराने हो म्हटलं तर. आणि मूळ खातेदार दातांच्या दवाखान्याच्या जागी होता.

त्या संध्याकाळी मी मावसभावाला घेऊन वालीवला गेलो. तिथे माझ्या शाळूसोबत्याचा गाळा आहे, प्लास्टिक मोल्डिंगचा. वालीव, सातिवली, गोखिवरे या भागात असे गाळे रांगेने आहेत. कोणी बाटलीची झाकणं काढतं, कोणी स्विचचे डबे. त्याने सगळं ऐकून घेतलं, मशीनमधून पडलेलं गरम झाकण हातावर खेळवत विचारलं, ‘‘डाय कोणाची?’’

मावसभावाला कळेना.

‘‘हे झाकण मी काढतो,’’ मित्र म्हणाला, ‘‘पण डाय, म्हणजे साचा, पार्टीची. पार्टीने डायचे पैसे दिलेत, पहिल्या बिलातच तसं लिहिलंय. उद्या माझ्याशी बिनसलं तर टेम्पो आणतील, डाय उचलतील, शेजारच्या गाळ्यात लावतील. तुझ्या त्या कागदावर डाय कोणाची लिहिलंय?’’

काहीच लिहिलेलं नव्हतं. आणि इथे कायदा आपल्या समजुतीच्या उलट चालतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. म्हणजे एम-इंडिकेटर आणि कादंबरी कायद्याच्या एकाच कप्प्यात. कलम १७प्रमाणे पहिला मालक लिहिणारा. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, मालकी धन्याची. पण तुम्ही एजन्सीचे धनी नसता, गिऱ्हाईक असता. पैसे दिले म्हणून कोड आपोआप तुमचा होत नाही. कलम १९प्रमाणे हक्क लेखी, सहीनिशी तुमच्या नावे करून घ्यावे लागतात. त्यातही मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. फ्लॅटचे पैसे भरून ताबा मिळाला तरी जमीन सोसायटीच्या नावे करणारं कन्व्हेयन्स वर्षानुवर्षं रखडतं, हे विरार-नालासोपाऱ्यात समजावून सांगायची गरज नाही. तेच आम्ही फोनमध्ये केलं.

कोड लिहिणारा शेवटी सापडला. एजन्सीने काम बाहेर दिलं होतं आणि ज्याला दिलं तो मुलगा विरार पूर्वेला राहत होता. अंधेरीतल्या माणसाला चार लाख देऊन आम्ही विरारच्याच मुलाकडून काम करून घेतलं होतं. त्यात नवल नाही. या बाजूला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, वसईत विद्यावर्धिनी, विरारजवळ विवा. आणि तिथून शिकलेली पोरं सकाळच्या लोकलने मालाड-अंधेरीला जातात. चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून २००९मध्ये वसई-विरार महापालिका झाली, २०११च्या जनगणनेत तिची वस्ती १२ लाख २२ हजार भरली. एवढ्या शहराचं डोकं दिवसभर बाहेर असतं आणि रात्री झोपायला घरी येतं.

मुलगा सरळ होता. चहा घेताना म्हणाला, ‘‘काका, कोड माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. पण तो तुमचा, त्यांचा की माझा, ते मला नाही माहीत. शेवटचा हप्ता मला पण मिळाला नाही.’’ वकिलांनी सल्ला दिला की जुन्या कोडाला हात न लावता नवं करा.

या खेपेला मावसभावाने घाई केली नाही. आधी सहा आठवडे नुसत्या व्हॉट्सॲप बिझनेसवर आणि एका तक्त्यावर धंदा चालवला, गिऱ्हाइकं काय करतात ते बघण्यासाठी. निम्म्याहून अधिक जण रात्री नऊनंतर एकच गोष्ट विचारत: उद्या काय आहे? म्हणजे ॲपला करायचं होतं एवढंच, की रात्री नऊला उद्याची यादी लावायची आणि अकराला ऑर्डरी बंद करायच्या. जुडी ही जुडीच. दुधी लहान, मध्यम, मोठा. किलोचं नावच नाही. पैसे माल हातात पडल्यावर, यूपीआयने. ॲडमिन पॅनल म्हणजे तोच तक्ता. नऊ पानं लिहून त्याने तीन एजन्सींना दिली.

एजन्सी निवडताना त्याने जे केलं ते मला आवडलं. त्यांची पोर्टफोलिओची चित्रं बघितलीच नाहीत. त्यांनी केलेली ॲपं स्वतःच्या जुन्या फोनवर उतरवली आणि शेवटचा अपडेट कधीचा ते वाचलं. दोन वर्षांत हात न लागलेली ॲपं ज्यांच्या यादीत जास्त, ते बाद. प्रत्येकाकडून तीन जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागितले, त्यांतला एक सोडून गेलेल्याचा. एका एजन्सीने तो द्यायला नकार दिला. दुसऱ्या एका बाईंनी दिला आणि भांडण कशावरून झालं तेही सांगितलं. काम त्यांनाच मिळालं. कोड लिहिणारं माणूस समोर बसलं पाहिजे, ही त्याची अट. पैसे चार हप्त्यांत, प्रत्येक हप्ता फोनवर चालून दाखवलेल्या गोष्टीवर; शेवटचे १५ टक्के ॲप दोन महिने चालल्यावर. प्ले खातं, डोमेन, सर्व्हर सगळं पहिल्या दिवसापासून त्याच्या नावावर आणि त्याच्या कार्डावर, एजन्सीला फक्त आत येण्याची परवानगी. कोड दर शनिवारी त्याच्या खात्यात. आणि हक्क कायमचे, जगभरासाठी, हे शब्द करारात. रक्कम २ लाख ६० हजार, अधिक जीएसटी. हे थोडं म्हणावं की पुष्कळ, मला ठरवता येत नाही. पहिले ४,८३,८०० त्यात मिळवले की मावशी विषय बदलते.

एक अडचण राहिली होती. स्वतःच्या नावाने नवं प्ले खातं काढलं की गूगलची अट असते: ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान बारा माणसांनी ते सलग चौदा दिवस चाचणीत ठेवलं पाहिजे. बारा माणसं आणि अँड्रॉइड फोन. आमच्या घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप त्या दिवशी प्रथमच कामाला आला. मावशी, दोन माम्या, आगाशीचे तात्या, मी, वालीवचा मित्र, विरारचा तो कोडवाला मुलगासुद्धा. मोजून बारा.

नवव्या दिवशी तात्यांनी फोनमध्ये जागा नाही म्हणून चाचणीतून नाव काढलं आणि ॲपही. आकडा अकरावर आला, चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून. या वेळी पंधरा जण घेतले. तात्यांच्या नातीने त्यांच्या फोनमधले सुप्रभातचे चारशे फोटो काढून जागा करून दिली.

काल रात्री नऊ वाजता यादी आली. मी एक जुडी माठ आणि एक मध्यम दुधी घेतला. मावशीने स्वतःच्याच वाडीतल्या अळूची ऑर्डर टाकली आणि लगेच फोन केला.

‘‘अरे, वडीची पानं कुठे दाबायची? इथे नुसतं अळू लिहिलंय.’’

मावसभावाने वही काढली आणि दहावं पान उघडलं.